शेवटच्या दाराची पाटी

२९ सप्टेंबर, सोमवार

आलं: झेंडू एक किलो ९०. शेवंती पाव किलो ५०. कोहळा एक, ४०. लिंबं सहा, २०. चुरमुरे अर्धा किलो ४५. हळदकुंकवाच्या पुड्या ३०. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली २५. दारावरची पाटी, फुकट.

पाटी कचऱ्याच्या ऑफिसची दोन माणसं सकाळीच ठोकून गेली. दुकानात मोबाइलनं पैसे द्यायला असतात तसल्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. खिळा मारताना गिलावा पडला, तो झाडायचा आम्ही. म्हणाले, तुमचं अनगोळ आता स्मार्ट झालं. बरं झालं म्हटलं.

शोभाला ऑफिसनं मोबाइल दिलाय. गल्लीतला कचरा नऊ वर्षं तीच नेते. आता प्रत्येक पाटीवर मोबाइल धरायचा, टिंग वाजलं की ते घर हिरवं. आमचं घर गल्लीत शेवटचं, चौदावं. ते वाचलं की गल्ली पुरी आणि तिची त्या दिवसाची हजेरी. नाही वाचलं तर गल्ली अर्धी, हजेरी अर्धी.

शो. ७.१०.

"वैनी, आता तरी बादलीत काय तरी टाका की. नऊ वरसं निसता चहा पिऊन जाते तुमच्यातनं."

काय टाकू? सालं, शेंगांची टरफलं शेजारच्या मालनआक्काच्या म्हशीला. देवाची फुलं चाफ्याच्या आळ्यात. चहाचा चोथा गुलाबाला. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला. रद्दी त्यालाच. जे कशालाच लागत नाही ते डब्यात, महिन्यानं एकदा शो.ला देते. मूठभर असतं.

"तुमच्यासारखी चौदा घरं असती तर माझी नोकरीच गेली असती," म्हणाली. हसलो दोघी.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

शो. काल ७.१०, आज ७.०५. टिंग.

नंतर पूजा. ह्यांचा मायक्रोमीटर (फाउंड्रीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी मानाचा पहिला), माझी शिलाई मशीन, मिक्सर, विळी, स्कूटर, गॅस, दोन्ही मोबाइल. घरात जे जे राबतं त्याला तेलाचं फडकं, हळदकुंकू, फूल. कोहळा दारात फोडला. चुरमुरे वाटले.

शेवटी लक्षात आलं, पाटी राहिली. हे म्हणाले, "तिला कशाला? ती काय राबतीया?"

रोज शो.ची हजेरी लावणार, म्हणजे राबतेच. फडक्यानं तेल लावून पुसली. हळद, वर कुंकवाची पाच बोटं, शेवंती. मशीनला लावतो तसंच सगळं. छान दिसली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याची सुट्टी होती त्यांना. आज शो. ७.१५. पाटी वाचेना. वरून धरला, खालून धरला, बसून धरला.

"वैनी, ह्याचं डोळंच झाकलंय की कुंकवानं."

पुसायला गेली. मी तिचा हात धरला. पूजेचं कुंकू आपण होऊन जाईतोवर पुसायचं नसतं. कोजागरी सोमवारी आहे, तेवढी होऊ दे म्हटलं. चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय.

चहा अर्धा ठेवून गेली. असं कधी करत नाही ती.

४ ऑक्टोबर, शनिवार

शो. ७.१०. लाल.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

शो. ७.१०. लाल. मुकादम ओरडला म्हणे. "म्हनतोय, शेवटचं घर वाचलं न्हाय म्हंजे तू गल्लीत शिरलीच न्हाईस. म्या म्हटलं, मग हे तेरा घरांचं ओझं काय सपनात उचललं?"

मशीनच आंधळं आहे, मी म्हटलं. माणूस समोर उभं असून दिसत नाही म्हणजे काय.

दूध एक लिटर जास्त.

७ ऑक्टोबर, मंगळवार. उपास

पहाटे अंघोळ करून पाटी घासायला घेतली. तेलात कुंकू मुरलेलं, पाण्यानं हलेना. समईला लावते तशी चिंच लावली, वर राख. चांगला जोर दिला.

समईसारखी लख्ख झाली. कुंकू गेलं, हळद गेली. चौकटीही गेल्या. कोरा पत्रा.

हे पेपर वाचत होते. वर बघितलं, म्हणाले, "आता देवघरातच ठेव."

शो. ७.१०. पत्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वैनी, भांडी घासण्यात तुमचा हात कोन धरनार."

चूक माझी. लिहून ठेवते, नंतर विसरायला नको. पूजा केली ती चूक नाही. घासली ती चूक.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शो. काल ७.१०, आज ७.२०. दोन्ही दिवस लाल.

दुपारी संदीपचा पुण्याहून फोन. नाव नोंदवायला आले तेव्हा ह्यांनी पोराचा नंबर दिला होता, "त्याला इंग्लिश समजतं" म्हणून. म्हणून आमच्या कचऱ्याचे मेसेज पुण्याला जातात.

"आई, तू कचरा गटारात टाकतेस?"

मेसेज त्याला वाचून दाखवायला लावला. या घरातून कचरा दिला जात नाही, सबब उघड्यावर टाकला जात असल्याचे गृहीत धरण्यात येत आहे. दंड पाचशे. नवी पाटी दोनशे.

गृहीत. माहेरी, सदलग्याला, शाळेत भूमितीत "गृहीत" असायचं. त्याच्याखाली "सिद्धता" पण असायची.

"पाचशेचा काय प्रश्न आहे, आई. मी इथून भरतो. दोन मिनिटांचं काम."

भरायचं नाही, बजावून सांगितलं. भरला तर कबूल केल्यासारखं होईल. चोवीस वर्षं ह्या दारासमोर रांगोळी घालते मी. त्याच्यासमोर घाण टाकीन?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शो. ७.१०. लाल. सात दिवस झाले.

ऑफिसला गेले. बस २० जाऊन-येऊन. हे आले नाहीत, "सरकारी दारात डोकं आपटून डोकंच फुटतं."

एका खोलीत भिंतभर टीव्ही. सगळं गाव त्याच्यावर ठिपक्यांनी मांडलेलं, रांगोळीसारखं. आमची गल्ली मला दाखवली. तेरा हिरवे ठिपके आणि टोकाला एक लाल. ते आमचं घर. चोरांच्या यादीत नाव बघितल्यासारखं वाटलं.

साहेब धारवाडकडचे असावेत, तरुण, नम्र. थोडं मराठी, बाकी कन्नड. मी कन्नडमध्येच बोलले, ते खूश झाले. पण कामाला उपयोग नाही झाला.

पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. दसऱ्यापासूनचा आमचा सगळा कचरा. गोळ्यांची रिकामी पानं दोन. घड्याळाचा सेल. ह्यांचा तुटका कंगवा. शाम्पूची पुडी. रबर. तुटलेलं बक्कल.

"एनु अम्मा इदु?" (हे काय म्हणून.)

"कचरा. आमचा एवढाच असतो."

त्यांनी डब्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, यंत्रात घातलंय की दोन माणसं राहतात त्या घरात रोज इतका कचरा निघतोच. न निघाला तर कुठे तरी टाकला.

"मग न काढणाऱ्याचं काय?"

"तसं आप्शन इल्ल, अम्मा." (नाही म्हणून.)

मी म्हटलं, पाटी माझ्या हातून खराब झाली, तिचे दोनशे हे घ्या. मोजून आणले होते. दंड देणार नाही. तो गुन्हा मी केला नाही.

"दोन्ही एकाच बटनात आहे. वेगळं आगल्ल."

आगल्ल. होत नाही. जन्मभर ऐकला हा शब्द ह्या गावच्या ऑफिसांत. पूर्वी तो माणूस म्हणायचा, त्याच्याशी भांडता यायचं.

डबा परत घेऊन आले. झाकण चांगलं आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शो. शनिवारी ७.१५, लाल. आज ७.१०. चहा नको म्हणाली. दारातच उभी राहून बोलली.

"वैनी, आठ दिवस अर्धी हजेरी लागली. तुम्ही भरून टाका की ते पाचशे. मी देते पायजे तर. हप्त्यानं फेडीन, न्हाय तुम्हीच फेडून घ्या चहात."

पैशाचा प्रश्न नाही, म्हटलं. खऱ्याचा आहे.

"तुमचं खरं लई मोठं हाय. माझ्या पगारात बसत न्हाय ते."

आणि गेली.

दिवसभर ते वाक्य. भाकरी करताना, दिवा लावताना. माझ्या हट्टाची किंमत ती भरते आहे हे कळत नाही असं नाही. पण मी भरलं तर कागदावर दोन गोष्टी पक्क्या होणार. मी घाण टाकणारी. आणि ती ... तिचं काय होणार ते मला नीट कळत नव्हतं. विचारायला हवं होतं साहेबांना. नाही विचारलं.

मालनआक्का कुंपणावरून म्हणाली, "अगं, माझ्या पाटीचा फोटू काढून ठेव म्हणावं शोभीला. रोज दोनदा दाखवायचा. त्या मशीनला काय कळतंय?"

नको. एकदा खोटं घुसलं की ...

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रात्री सुचलं नाही ते सकाळी पूजेत सुचलं. देवीसमोर बसले की डोकं चालतं.

ही वही मागे चाळली. मी शो.ची वेळ रोज लिहितेच. दूधवाल्याची लिहिते, पाण्याची लिहिते, तशी तिचीही. २९ तारखेपासून एक दिवस चुकलेला नाही. म्हणजे यंत्राला ती दिसली नाही तरी वहीला दिसली.

७.१०ला ती आली तेव्हा वही, पेन घेऊन दारात. सही कर म्हटलं.

"कसली?"

"आल्याची."

"तुमच्या वहीला कोन इचारतंय, वैनी?"

"आज नाही विचारत. विचारतील."

हातमोजा काढला, साडीला हात पुसला. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठसठशीत. सातवी झाल्या आहेत बाई. अक्षर माझ्यापेक्षा बरं.

७.१०. *शोभा*. चहा घेतला.

हे आतून: "अगं, तुझी वही म्हंजे काय कोर्ट हाय का?"

१५ ऑक्टोबर, बुधवार

७.१०, सही. गल्लीतल्या बायका बघतात. कोपऱ्यावरच्या घरातली म्हणाली, "काकू, पगार पण तुम्हीच देणार का?"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

७.०५, सही.

संध्याकाळी संदीपचा फोन. आवाजातच कळलं काहीतरी केलंय.

"आई, चिडू नको. भरून टाकले. तुला त्रास नको आता ऑफिसचे जिने चढायचा. घर हिरवं झालंय बघ. नवी पाटी येईल आठवड्यात."

वर म्हणाला, "आणि तुझ्यावर काही येऊ दिलं नाही मी." त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

फोन ठेवला. हे म्हणाले, "सुटलीस." मालनआक्काला कुणी सांगितलं कोण जाणे, तिनं खरवस पाठवला.

गोड लागला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

७.१०, सही. पाटी अजून कोरीच.

मालनआक्काच्या गाईला नैवेद्य. म्हैस रुसली असेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

७.३०. आज उशीर. हातात मोबाइल नाही. गाडीबरोबर दुसरीच बाई. शो. सही करायला आली होती फक्त.

"आजपासनं येऊ नको म्हणालेत. चौकशी हाय. तुमच्या घरानं लिहून दिलंय, गाडी आलीच न्हाय इतके दिवस."

"कुणी लिहून दिलं?"

"तुमच्या घरानं." तेवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संदीपला फोन. आधी उचलला नाही, मीटिंगमध्ये. मग सगळं सांगितलं. दंड भरताना कारण निवडायचं असतं. दोनच होती. एक, कचरा दिला नाही. दोन, गाडी आली नाही. त्यानं दुसरं निवडलं. का? तर पहिलं निवडलं असतं तर मी घाण टाकणारी ठरले असते.

"आई, मला कुठे माहीत त्याचं पुढे काय होतं? मी तुझ्यासाठी केलं."

त्याला रागावले नाही. आईची अब्रू राखायला गेला. पण ती कुणाच्या अंगावरून पाय देऊन राखली? ज्या बाईनं नऊ वर्षं आमच्या उंबऱ्याशी उभं राहून ...

मग तो म्हणाला, "आता काय करायचं?"

मी बघते, म्हटलं. तू कशालाही हात लावू नको.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

अभ्यंगस्नान. चकली बिघडली, तळताना फुटली.

गाडी ७.४०. नवी बाई आमच्या दारापर्यंत आलीच नाही. मालनआक्काच्या पाटीवरून वळली. कोऱ्या पत्र्यापुढे कशाला वेळ घालवेल. आज ही गल्ली कशी पुरी झाली, ऑफिसला माहीत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

नवी केरसुणी ७०. लाह्या-बत्तासे ४०.

केरसुणीला हळदकुंकू लावताना हात थांबला. लक्ष्मी म्हणून तिची पूजा करायची, आणि जी रोज गल्ली झाडते तिच्या नावापुढे आमच्या घरानं "आली नाही" लिहायचं. देवीला तोंड कसं दाखवू?

पूजा केली. पण मन लागलं नाही. लिहून ठेवते.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

फराळाचा डबा घेऊन शो.च्या घरी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. घर विचारत जावं लागलं. ह्याची लाज वाटली.

वसाहतीत दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा, मध्ये निळी माळ. सवयीनं कुंकवाची डबी काढली.

"आम्ही न्हाय लावत, वैनी," म्हणाली. साधेपणानं. मी डबी आत टाकली. कुठे कुंकू लावायचं आणि कुठे नाही हे ह्या महिन्यात दोनदा शिकले.

तिनं चहा केला. काचेच्या चांगल्या कपात, बशीसकट. सासूबाई होत्या तोवर परसात शिडीखाली एक कान तुटलेला कप असायचा, शो.च्या आधी यायची त्या बाईसाठी. मी तो सासूबाई गेल्यावर फेकला. आधी का नाही, ते आज आठवलं. कारण सासूबाईंना आगल्ल म्हणायची हिंमत नव्हती.

सगळं सांगितलं तिला. पोरानं काय केलं, का केलं.

"तुमच्या पोरानं आईकडं बघून केलं. माझी पोरगी पण असंच करंल." मग म्हणाली, "पर वैनी, मी आलते. रोज आलते. ते कुठंतरी लिवलेलं पायजे. पगाराचं बघू. आलेलं मानूस आलं न्हाय म्हनू ने."

डबा तिनं रिकामा परत दिला नाही. करंज्या होत्या. माझ्यापेक्षा खुसखुशीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ऑफिस उघडलं. आज हे बरोबर आले, न सांगता चप्पल घातली.

साहेब ओळखीचं हसले. "अम्मा, तुमचं हिरवं झालं की." भिंतीवर दाखवलं. चौदा ठिपके, चौदाही हिरवे. गावाला आमच्याकडून काही तक्रार नाही.

"ते पुन्हा लाल करा."

त्यांना वाटलं माझं कन्नड चुकलं. मराठीत म्हटलं, मग परत कन्नडमध्ये. माझं घर लाल करा. गाडी आली नाही हे आम्ही लिहिलं ते खोटं आहे. कचरा दिला नाही असं लिहा. ते खरं आहे. दिलाच नाही, नव्हताच.

"अम्मा, सगळे हिरवं करायला येतात. हिरव्याचं लाल करायला बटन नाही."

"मग शोभाचं?"

"चौकशी सिस्टीममध्ये आहे. तुमचं म्हणणं ॲपवर टाका."

ॲपला मोबाइलवर येणारे आकडे लागतात. आकडे पुण्याला जातात. मी वही पुढे केली. वेळा, सह्या. त्यांनी पानं उलटली, मन लावून वाचली, मला दिसलं. चिंच-राखेचं वाचताना हसू आवरलं त्यांनी. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. "हे स्कॅन होत नाही."

हे पुढे झाले. फाउंड्रीत तीस वर्षं माप घेतलेला माणूस. म्हणाले, "साहेब, माझ्या मायक्रोमीटरवर जॉब, म्हंजे केलेला नग, बसला न्हाय तर मी जॉबला खोटं म्हनत नव्हतो. आधी मायक्रोमीटर तपासत होतो."

साहेब थोडे वरमले. हळू म्हणाले, वरच्या साहेबांना पत्र लिहा. कागदावर. टपालानं आलं तर नोंद करावीच लागते. आतून दिलेलं हरवतं.

बाहेर आल्यावर चहा प्यायलो, २४. बाहेर चहा मी पीत नाही. आज प्यायले.

२६ ऑक्टोबर, रविवार

वही घेऊन गल्ली फिरले. वर एकच वाक्य: शोभाताई ३ ते १७ ऑक्टोबर, सुट्ट्या सोडून, रोज कचरा न्यायला आल्या, आम्ही पाहिलं. खाली सही.

तेरा घरं. नऊ सह्या. एक घर कुलूपबंद, दिवाळीला गावी. एकानं नाही म्हटलं, त्यांचं घरपट्टीचं काम अडकलंय, समजू शकते. कोपऱ्यावरच्या घरातलीनं आधी विचारलं, "याच्यानं आमचं घर लाल होणार का?" झालं तर झालं म्हटलं. तिनं सही केली नाही. तासाभरानं पोरीला पाठवून वही मागवून घेतली आणि केली. दहा.

मालनआक्काला लिहिता येत नाही. अंगठा दिला, बाजूला म्हणाली, "लिव्ह, माझी म्हैस पन साक्षीदार हाय. सालं तिनंच खाल्ली."

लिहिलं.

घरी आल्यावर ह्यांनी वही ओढून घेतली आणि सगळ्यांच्या खाली सही केली. रिटायर झाल्यापासून पेन्शनच्या कागदाशिवाय कुठे सही केली नव्हती.

शो.ला निरोप पाठवला. तिचा उलटा निरोप: उद्या पत्र टाकाल तेव्हा मी येते बरोबर.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गाडी ७.३५. नवी बाई आजही मालनआक्काच्या दारातून वळली. तिची चूक नाही.

शो. ९.००, कामाला नाही, साडी नेसून. सही केली तरी. पोस्टात दोघी गेलो. स्पीड पोस्ट, पोच घेतली, वहीच्या शेवटच्या पानाला टाचली. पैसे तिनं दिले, मला देऊ दिले नाहीत. भांडण झालं त्यावरून खिडकीपाशी. ती जिंकली.

पत्राची नक्कल:

मा. मोठे साहेब, कचरा विभाग, यांस,

साष्टांग नमस्कार. मी मॅट्रिक आहे, कन्नड वाचते आणि बोलते, पण भांडायचं असलं की मराठीतच लिहिता येतं, तरी माफी असावी.

आमच्या दाराची पाटी माझ्या हातून खराब झाली. खंडेनवमीला तिची पूजा केली, नंतर चिंच आणि राख लावून घासली. ही चूक माझी. पाटीचे दोनशे रुपये मी भरायला तयार आहे व पूर्वीही होते.

दंड माझ्या मुलानं भरला. भरताना त्यानं "गाडी आली नाही" असं लिहिलं. ते खोटं आहे. आईला वाचवायला लिहिलं, म्हणून खरं होत नाही. ते खोडावं. त्या जागी "कचरा दिला नाही" असं लिहावं. आमच्याकडे रोज द्यायला कचरा नसतो. विश्वास नसल्यास आपण किंवा आपल्या माणसानं आठ दिवस आमच्याकडे राहायला यावं. जेवणखाण करू. स्वयंपाक शाकाहारी आहे.

आमचं घर पुन्हा लाल करावं. बटन नसल्यास बसवावं. गावात एक तरी घर खरं बोलणारं दिसू दे.

शोभाताई रोज आल्या. वेळा आणि सह्यांच्या पानांच्या झेरॉक्स सोबत आहेत. दहा सह्या व एक अंगठा गल्लीतल्या माणसांचे आहेत, वेगळी सही माझ्या यजमानांची. मूळ वही माझ्याकडे आहे. पाहायला केव्हाही यावं, न्यायला मिळणार नाही, कारण त्यात रोजचं लिहायचं असतं.

चौकशीत त्यांना बोलवाल तेव्हा मलाही बोलवावं. मी त्यांच्या शेजारी बसेन.

माझा मोबाइल पुण्यात आहे, म्हणजे आपल्याकडे नोंदवलेला नंबर तिथे मुलाकडे आहे. म्हणून फोनवर, मेसेजवर, ॲपवर काही कळवू नये. त्यांना कामावर केव्हापासून घेता, तेवढं उलट टपाली कळवावं. पोस्टमन आमच्या दारात अकरा वाजता येतो. मी दारात असते.